पिंजऱ्यातले वाङ्मय : आर्मेनियन वंशसंहार आणि वाचनाची जबाबदारी

१

वंशसंहारातून वाचलेल्यांच्या लेखनाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सवय समीक्षेला लागली आहे. कविता असो, कादंबरी असो वा आत्मकथन असो, तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'हे खरोखर घडले काय?' असा. कृतीने होकार दिला की तिचा जबाब नोंदवून घेतला जातो आणि तिला रजा मिळते. तिची भाषा, तिची रचना, तिच्यातील मौनाच्या जागा, निवेदकाचे स्थान ह्यांविषयी बोलणे मग अप्रस्तुत, क्वचित असभ्यही वाटू लागते. प्रेतांच्या राशीसमोर शैलीची चर्चा कसली करता, अशी एक न उच्चारलेली दटावणी त्यामागे असते. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराबाबत ही सवय विशेष घट्ट झाली आहे. कारण त्या संहाराचा इन्कार हे तुर्की राज्यसंस्थेचे अधिकृत धोरण होऊन बसले आहे, आणि इन्कार करणाऱ्यापुढे प्रत्येक शब्द पुरावा म्हणूनच ठेवावा लागतो, असे आपण गृहीत धरले आहे.

प्रस्तुत लेखाचा वाद ह्या गृहीताशी आहे. त्याचबरोबर, ह्या गृहीताला कंटाळून सिद्धान्तप्रेमी वर्तुळांत जी दुसरी भूमिका घेतली जाते तिच्याशीही आहे. 'वस्तुस्थिती अशी काही नसतेच, असतात त्या केवळ संहिता आणि संहितांची अर्थनिर्णयने' हे सूत्र म्हटले की आपण पुराव्याच्या जाचातून सुटलो, असे ह्या दुसऱ्या पक्षाला वाटते. पहिला पक्ष वाङ्मयाला साक्षीदार करतो. दुसरा साक्ष हाच शब्द निरर्थक ठरवतो. वरकरणी विरोधी दिसणारे हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी येऊन पोचतात : मारल्या गेलेल्या आणि वाचलेल्या लेखकांनी जे लिहिले ते कोणीच वाचत नाही. माझे म्हणणे असे, की आर्मेनियन वंशसंहाराचे स्मरण हे प्रथमतः एका वाङ्मयाच्या वाचनाचे कार्य आहे. आणि परागंदा आर्मेनियन समाजाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे ते वाङ्मय ज्या भाषेत लिहिले गेले तिला वाचक मिळवून देणे होय. समीक्षकाकडे ह्याहून वेगळे देण्यासारखे फारसे काही नसते. आणि जे असते ते त्याने अद्याप दिलेले नाही.

२

नष्ट काय झाले, ह्याची नीट मांडणी केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मृतांच्या संख्येचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. ही संख्या सर्वत्र सांगितली जाते. संहाराचा क्रम मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. हद्दपारीचा तात्पुरता कायदा २७ मे १९१५ चा. त्याच्या महिनाभर आधी, २४ एप्रिलच्या रात्री, कॉन्स्टँटिनोपलमध्ये दोनशेहून अधिक आर्मेनियनांना घरांतून उचलण्यात आले. कवी, संपादक, शिक्षक, वैद्य, धर्मोपदेशक, लोकप्रतिनिधी अशांची ती यादी होती. त्यांना चान्करी आणि आयाश येथे नेण्यात आले. बहुतेक परतले नाहीत. कवी दानिएल वारूजान आणि रूबेन सेवाक ह्यांना २६ ऑगस्ट १९१५ रोजी चान्करीजवळ ठार करण्यात आले. सियामान्तोही त्याच ऑगस्टमध्ये मारला गेला. कथाकार क्रिकोर झोहराब हा तर ऑटोमन संसदेचा सदस्य. त्याला काही आठवड्यांनंतर अटक झाली आणि ऊर्फाच्या वाटेवर संपवण्यात आले. संगीतज्ञ कोमितास परत आला, पण मनाने पुन्हा सावरला नाही. १९३५ साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. वारूजानच्या 'भाकरीचे गीत' ह्या काव्याचे हस्तलिखित अटकेच्या वेळी जप्त झाले होते. ते लाच देऊन सोडवावे लागले, आणि कवीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९२१ साली, ते प्रसिद्ध झाले.

आता त्याआधीचे एक वर्ष पाहावे. १९१४ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत कॉन्स्टँटिनोपलमध्ये 'मेह्यान' नावाच्या नियतकालिकाचे सात अंक निघाले. वारूजान, हागोप ओशागान, कोस्तान झारियान, केघाम पार्सेघियान ही मंडळी त्यामागे होती. प्राचीन मंदिराचे नाव धारण करणारे हे नियतकालिक वाङ्मयाचे स्वायत्त मूल्य कोणते, राष्ट्र आणि कला ह्यांचा संबंध काय, हे प्रश्न आवेशाने विचारीत होते. एकोणिसाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बोलीवर उभी राहिलेली पश्चिमी आर्मेनियन ही साहित्यभाषा तेव्हा नुकती कुठे स्वतःच्या काव्यशास्त्राचा विचार करू लागली होती. तिच्या लेखकांपैकी बरेच त्यानंतर दोन वर्षांत मारले गेले आणि तिचा अनातोलियातला वाचक तर जवळजवळ सगळाच गेला. म्हणजे जे नष्ट झाले तो एक संपूर्ण वाङ्मयव्यवहार होता : लेखक, मुद्रणालये, शाळा, वाचक, वादविवाद. ज्या समाजाजवळ वाङ्मयव्यवहार नाही त्याला स्वतःचा शोक स्वतःच्या शब्दांत करता येत नाही. तो इतरांच्या शब्दांत, इतरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत करावा लागतो. पुढल्या शंभर वर्षांत नेमके हेच घडले.

३

ह्या स्थित्यंतराची खूण दोन लेखकांच्या प्रवासात स्पष्ट उमटलेली आहे.

१९०९ साली अदानात आर्मेनियनांची कत्तल झाली. तिच्यानंतर झाबेल येसायान ही लेखिका मदतपथकाबरोबर तेथे गेली आणि १९११ साली तिने 'अवशेषांमध्ये' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुस्तक म्हणजे अहवाल नव्हे. पाहणाऱ्या बाईची दृष्टी कोठे अडखळते, अनाथ मुलांपुढे उभे राहिल्यावर वाक्य कसे तुटते, आपण पाहतो म्हणजे नेमके काय करतो, ह्याचा शोध त्यात आहे. २४ एप्रिलच्या यादीत ती एकमेव स्त्री होती. ती बल्गेरियात निसटली. १९१७ साली बाकूच्या एका नियतकालिकात तिने संहाराविषयीचा मोठा मजकूर प्रसिद्ध केला. पण तो तिच्या स्वतःच्या स्वरात नव्हता. युफ्रेटिसच्या काठाने छावण्या पाहत गेलेल्या हाइग तोरोयान ह्या माणसाची ती साक्ष होती. येसायानने ती शब्दबद्ध केली. सहा वर्षांत लेखिका लेखनिक झाली.

आराम आन्दोनियानचा प्रवास असाच. तोही त्या रात्री पकडला गेलेला, आणि वाचलेला. १९१९ साली बोस्टनमध्ये त्याचा 'त्या काळ्या दिवसांत' हा कथासंग्रह निघाला. मृत्यूच्या छावण्यांतील माणसांचे माणूसपण कसे सुटत जाते ह्याचे त्यातील चित्रण इतके निष्ठुर आहे, की पुरावा म्हणून कोणी ते न्यायालयात सहसा ठेवणार नाही. त्यात बळीही निर्मळ राहत नाहीत. परंतु पुढच्याच वर्षी, १९२० साली, हाच आन्दोनियान जगापुढे आला तो नाईम नावाच्या एका ऑटोमन कर्मचाऱ्याकडून मिळवलेल्या तारांचा संग्राहक म्हणून. जगाला तारा हव्या होत्या. कथा मागे पडल्या. तारांवर वाद पेटला. १९८३ साली दोन तुर्की लेखकांनी त्या तारा बनावट ठरवल्या, आणि तेव्हापासून आन्दोनियान हे नाव उच्चारले की चर्चा होते ती कागदाच्या रेघांची आणि सांकेतिक अंकांची. कथाकार आन्दोनियान ह्याला कोणी खोटे ठरवले नाही. त्याला वाचलेच नाही.

साक्षीच्या मागणीचा ताण कोठवर जातो, हे आणखी एका प्रसंगावरून दिसते. १५ मार्च १९२१ रोजी सोघोमोन तेहलिरियान ह्या तरुणाने बर्लिनच्या रस्त्यावर माजी वजीर तालात ह्याला गोळी घातली. तालातला त्याआधी, जुलै १९१९ मध्ये, ऑटोमन लष्करी न्यायालयानेच गैरहजेरीत देहदंड फर्मावला होता. जूनमधील खटल्यात तेहलिरियानने आपण हद्दपारांच्या तांड्यात होतो, आईला डोळ्यांदेखत मरताना पाहिले, असे सांगितले आणि तो निर्दोष सुटला. वास्तविक संहाराच्या वेळी तो गावी नव्हताच. कुटुंब मात्र खरोखर नष्ट झाले होते. म्हणजे त्याने सांगितले ते त्याच्या बाबतीत असत्य आणि हजारोंच्या बाबतीत सत्य होते. 'मी'ने 'आम्ही'ची जागा घ्यावी ही काव्याची युक्ती त्याला न्यायालयात वापरावी लागली. कारण न्यायालय प्रत्यक्षदर्शी एकवचनाखेरीज दुसरे काही ऐकून घेत नाही. इन्कार करणारा ह्या विसंगतीवर बोट ठेवतो आणि सहानुभूत वाचक ती लपवतो. समीक्षकाने खरे तर येथूनच बोलायला सुरुवात करावयास हवी. अशा साक्षीतील 'मी' कोण, हा प्रश्न त्याच्याच शास्त्राचा आहे.

४

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. १९९३ च्या नोव्हेंबरात इतिहासकार बर्नार्ड लुईस ह्यांनी 'ल मोंद' ह्या फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत वंशसंहार ही ह्या घटनांची 'आर्मेनियन' मांडणी असल्याचे सुचवले. शब्द योजला होता तो 'पाठ' ह्या अर्थाचा. तो शब्द आपल्या शास्त्रातून उचललेला आहे, म्हणून समीक्षकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाठ म्हटले की पाठभेद आला. पाठभेद आला की सारेच पाठ एका ओळीत उभे राहिले. मग कोणताही एक पाठ सत्य मानण्याचा आग्रह हा पक्षपात ठरला. १९९५ च्या जूनमध्ये पॅरिसच्या दिवाणी न्यायालयाने लुईस ह्यांना एक फ्रँक नाममात्र भरपाई देण्यास फर्मावले. वंशसंहार झाला की नाही हे ठरवणे आपले काम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. इतिहासकाराने आपल्या मताविरुद्ध जाणारी सामग्री वाचकापासून दडवली, एवढा ठपका ठेवला. आर्मेनियनांनी ह्या निकालात विजय पाहिला. वस्तुतः न्यायालयाने प्रश्नाला बगल दिली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लुईस हे उत्तर-आधुनिक नव्हते. संरचनावादोत्तर विचाराशी त्यांचे काही नाते नव्हते. परंतु ज्या काळात 'पाठ' हा शब्द इतक्या सहजपणे इन्काराच्या कामी आला, त्याच काळात आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत 'सत्य म्हणजे कथन' हे सूत्र तितक्याच सहजपणे रूढ होत होते. इतिहासलेखनातील कथानकरचनेविषयी हेडन व्हाइट ह्यांनी केलेल्या विवेचनाला यहुदी संहाराच्या संदर्भात आव्हान मिळाले, तेव्हा त्यांना स्वतःलाच आपल्या मांडणीच्या मर्यादांचा विचार करावा लागला. आपल्याकडे सूत्र आले. मर्यादांची चर्चा वाटेतच राहिली.

परंतु पाठ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो परत मिळवला पाहिजे. अनेक पाठ समोर आले म्हणून ते सर्व समान मानणे हे कोणत्याही पाठचिकित्सकाने कधी केलेले नाही. कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितातून आला, लेखनिकाने कोठे बदल केला, हा बदल कोणाच्या हिताचा होता, हे पाहणे म्हणजेच पाठचिकित्सा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला हे सांगावयास नको. आन्दोनियानच्या तारांचा वाद पुढे सरकला तोही ह्याच मार्गाने. तानेर आक्चाम ह्या तुर्की इतिहासकाराने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाईम एफेंदी हा कर्मचारी अस्तित्वात होता हे ऑटोमन कागदपत्रांतूनच दाखवले, आणि सांकेतिक अंकांची पद्धत तत्कालीन प्रघाताशी जुळते असे प्रतिपादन केले. संहाराची सिद्धता त्या तारांवर कधीच अवलंबून नव्हती. जर्मन व ऑस्ट्रियन वकिलातींचे अहवाल, १९१९-२० च्या लष्करी न्यायालयांचे निवाडे, वाचलेल्यांची कथने ही सामग्री आधीपासून होतीच. आक्चाम ह्यांच्या कामाचे महत्त्व पद्धतीचे आहे. 'सर्व काही संहिताच आहे' असे म्हणणाऱ्याने निदान संहिता वाचण्याचे कष्ट तरी घ्यावेत, हा धडा त्यातून मिळतो.

५

पुराव्याच्या ह्या जाचावर सर्वांत मूलगामी प्रहार केला तो मार्क निशानियान ह्या आर्मेनियन समीक्षकाने. २००६ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले, की वंशसंहार ही वस्तुस्थिती नाही; कारण वस्तुस्थिती ह्या संकल्पनेचाच विनाश हा वंशसंहाराचा गाभा आहे. मारणारा मारतानाच पुरावा पुसत असतो. त्यामुळे वाचलेल्याने 'सिद्ध करतो' म्हणणे म्हणजे मारणाऱ्याने आखलेल्या रिंगणात उतरणे. साक्षीला अभिलेखागारातून सोडवल्याखेरीज शोकाला वाट मिळणार नाही. ल्योतारने १९८३ साली ज्या अन्यायाचे वर्णन केले, म्हणजे झालेली हानी सिद्ध करण्याचे साधनच जिच्यामुळे हिरावले जाते अशी हानी, त्याच विचाराचा हा पुढचा टप्पा आहे.

निशानियानचे निदान अचूक आहे. आणि पिंजऱ्याविषयी ह्या लेखात जे म्हटले आहे त्याचे मूळ त्याच्याच विवेचनात आहे. मात्र त्याच्या उपायाशी सहमत होणे कठीण जाते. पुरावा मागणाऱ्याच्या दारी जाऊ नका, असे वाचलेल्यांच्या नातवंडांना सांगणे समजू शकते. तोच उपदेश अभ्यासकाने स्वतःला करून घेतला तर वस्तुस्थितीचे सारे क्षेत्र तो इन्कार करणाऱ्याला आंदण देतो. सिद्धतेचे ओझे बळीच्या खांद्यावरून उतरले पाहिजे, हे खरे. पण ते हवेत तरंगत राहू शकत नाही, कोणीतरी उचलावेच लागते. ते इतिहासकाराने उचलावे. तुर्की समाजातील आक्चाम ह्यांच्यासारख्यांनी ते उचलले, ह्यात एक नैतिक औचित्यही आहे. असे झाले तरच वाङ्मय त्या ओझ्यातून मोकळे होते. इतिहास आणि वाङ्मय ह्यांची ही श्रमविभागणी मान्य केली, तर एकाने दुसऱ्याचा गळा धरण्याचे कारण उरत नाही.

मोकळे झालेले वाङ्मय काय करते, हे पाहण्यासाठी हागोप ओशागानकडे जावे लागते. अटक चुकवून लपलेला, वेषांतर करून निसटलेला हा लेखक १९३० नंतरच्या वर्षांत 'अवशिष्ट' ह्या प्रचंड कादंबरीच्या लेखनात गुंतला. तीन भागांची योजना होती. दोन भाग झाले. त्यांत संहारापूर्वीच्या एका गावाचे, त्यातील वासनेचे, वैराचे, वंशसातत्याच्या ध्यासाचे चित्रण आहे. तिसरा भाग 'नरक' नावाचा व्हावयाचा होता, आणि त्यात प्रत्यक्ष महाविनाश यावयाचा होता. तो लिहिला गेला नाही. १९४८ साली लेखक वारला. पुराव्याच्या दृष्टीने ही कादंबरी निकामी आहे : नेमकी जी घटना सिद्ध करावयाची तीच तिच्यात नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र त्या गाळलेल्या भागाइतके बोलके काही क्वचितच असेल. हजारो पृष्ठांची सामग्री हाताशी असलेला, साऱ्या वाचलेल्यांची कथने कान देऊन ऐकणारा एक समर्थ कादंबरीकार उंबऱ्यापर्यंत येतो आणि कथनाचे सामर्थ्य तेथे संपते. ही अपयशाची नोंद हाच त्या कृतीचा आशय आहे. 'घडले काय?' असा प्रश्न विचारणाऱ्याला तो दिसणार नाही. 'सर्व काही कथनच' म्हणणाऱ्यालाही दिसणार नाही, कारण कथन जेथे हरते ती जागा त्याच्या सिद्धान्तात नाही.

६

वाचनाचा हा आग्रह म्हणजे विद्वानांची चैन आहे, असा आक्षेप कोणी घेईल. चुकीच्या वाचनाने माणसे मरतात, हे त्याला उत्तर आहे.

२००६ साली एलिफ शफाक ह्या कादंबरीकर्त्रीवर इस्तंबूलमध्ये खटला झाला. आरोप तुर्कत्वाच्या अवमानाचा. आधार तिच्या कादंबरीतील आर्मेनियन पात्रांच्या तोंडची वाक्ये. पात्र आणि लेखक ह्यांतील भेद राज्यसंस्थेला न्यायालयात शिकावा लागला. शफाक निर्दोष सुटली. ह्रांत दिंक सुटला नाही. इस्तंबूलहून १९९६ पासून निघणाऱ्या 'आगोस' ह्या तुर्की-आर्मेनियन साप्ताहिकाचा हा संपादक. आर्मेनियन अस्मितेविषयीच्या एका लेखमालेत त्याने परागंदा समाजाला उद्देशून लिहिले, की 'तुर्क' ही कल्पना तुमच्या रक्तात विषासारखी भिनली आहे. तिच्यावर स्वतःची ओळख उभारू नका. टीका आर्मेनियनांवर होती. एक वाक्य संदर्भातून काढले गेले आणि ते तुर्कांच्या रक्ताविषयी आहे असे वाचले गेले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी अवमान नसल्याचा अहवाल दिला. तरी २००५ साली त्याला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीच्या दारात एका सतरा वर्षांच्या मुलाने त्याला गोळ्या घातल्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० साली तुर्कस्तानला दोषी धरले. त्या मुलाने लेखमाला वाचली होती असे कोणी म्हणणार नाही. एका वाक्याचा अन्वय लावण्यात केलेली लबाडी एका माणसाच्या जिवावर कशी बेतते, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण समीक्षाशास्त्राला देता येणार नाही.

इन्काराचे एक शांत, विद्यापीठीय रूपही आहे, आणि ते वाङ्मयेतिहासाच्या पानांत आढळते. तुर्की भाषेतील पहिली कादंबरी म्हणून अनेक दशके १८७२ च्या शेमसेद्दिन सामीच्या कृतीचे नाव घेतले गेले. त्यापूर्वी एकवीस वर्षे, १८५१ साली, वार्तान पाशाची 'आकाबीची कथा' प्रसिद्ध झाली होती. भाषा तुर्की; लिपी आर्मेनियन; लेखक आर्मेनियन. लिपीमुळे ती वाङ्मयेतिहासाला दिसली नाही. १९९१ साली तिची लॅटिन लिपीतील आवृत्ती निघाली तेव्हा ती तुर्की वाचकाच्या हाती आली. मानदंड आणि अभिजातता ह्यांविषयी सिद्धान्त करणाऱ्या आपल्या शास्त्राने ह्या उदाहरणाचा विचार करावा : माणसे घालवून दिल्यावर त्यांची पुस्तके 'आपल्या' भाषेतूनही गळून पडतात, आणि त्यासाठी कोणाला काही जाळावे लागत नाही.

७

आता परागंदा समाजाविषयी. गेल्या पंचवीस वर्षांत मान्यतेचे अनेक ठराव झाले. फ्रान्सने २००१ साली कायदा केला, जर्मन संसदेने २०१६ साली ठराव केला, अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ साली आणि अध्यक्षांनी २०२१ साली वंशसंहार हा शब्द उच्चारला. ह्या ठरावांचे मोल कमी नाही. पण त्याच काळात, २०१० साली, युनेस्कोने पश्चिमी आर्मेनियनची नोंद निश्चितपणे संकटात असलेल्या भाषांत केली. मान्यता वाढत गेली आणि भाषा आटत गेली. वाचलेल्यांनी ज्या भाषेत शोक केला ती भाषा बोलणारा समाज बैरूत, अलेप्पो, पॅरिस, बोस्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांत विखुरलेला. तिला राज्याचा आधार कधीच नव्हता, कारण आर्मेनियाच्या प्रजासत्ताकाची भाषा पूर्वी आर्मेनियन आहे आणि १९२२ नंतर तेथे लेखनपद्धतीही बदलली. सायप्रसमध्ये निकोसिया येथे १९२६ साली वंशसंहारातील अनाथांसाठी सुरू झालेली मेल्कोनियान ही निवासी शाळा २००५ साली बंद झाली. ती बंद करणारी आर्मेनियनांचीच संस्था होती. ओशागान ह्याच शाळेत १९३४ पर्यंत शिकवीत होता. 'अवशिष्ट'चे लेखन तेथलेच. ज्या समाजाने स्मारके उभारली त्यानेच ती शाळा मिटली, हे परागंदा समाजाच्या मित्रांनी त्याला स्नेहाने पण स्पष्टपणे सांगावयास हवे. पाठिंबा म्हणजे केवळ हो ला हो नव्हे. दिंकने ते दाखवून दिले आहे.

ह्या समाजाचे स्वतःविषयीचे सर्वांत कठोर पुस्तक त्याच्या पहिल्याच पिढीत लिहिले गेले होते. शाहान शाहनूरची १९२९ ची 'गीताविना माघार' ही कादंबरी पॅरिसमधल्या निर्वासित तरुणांची आहे. त्यांत शहीद कोणी नाहीत. नोकरी, वासना, परक्या भाषेची ओढ आणि स्वतःच्या भाषेची लाज ह्यांत विरघळत जाणारी मुले आहेत. समाजाने ती अश्लील ठरवली. लेखक पुढे आर्मेन ल्युबिन ह्या नावाने फ्रेंचमध्ये कविता लिहू लागला. कादंबरीने केलेले भाकीत कादंबरीकाराच्याच वाट्याला आले. असे पुस्तक कोणत्याही ठरावाला जोडता येत नाही, म्हणून स्मरणदिनी ते कोणी काढत नाही. विखुरणे हे केवळ गतकाळाचे नाही, हेही येथे नोंदवावे : सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून आर्मेनियात आले.

८

मराठी अभ्यासकाचा ह्याच्याशी संबंध काय, हा प्रश्न उरतो. एक संबंध पद्धतीचा आहे. दलित आत्मकथनांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरवण्याची आणि त्या गौरवाच्या आड त्यांच्या रूपाविषयी, भाषेविषयी, निवेदकाच्या 'मी'विषयी बोलण्याचे टाळण्याची रीत आपण चांगली ओळखतो. 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते खरे किती, ह्याची चर्चा बराच काळ रंगली, ते रचले कसे आहे ह्याची त्यामानाने थोडी. दोन्ही ठिकाणचे दुःख एक आहे असे मला म्हणावयाचे नाही; वाचणाऱ्याची चुकार वृत्ती मात्र एक आहे.

दुसरा संबंध इतिहासाचा आहे. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक, हारुत्युन श्मावोनियान ह्या धर्मोपदेशकाचे 'आझ्दारार', १७९४ साली मद्रासला निघाले. मुंबईच्या कोट भागात सेंट पीटरचे आर्मेनियन चर्च १७९६ पासून आहे. कलकत्त्याच्या आर्मेनियन महाविद्यालयाची स्थापना १८२१ ची. हे व्यापारी प्रामुख्याने इराणमधील नव्या जुल्फाहून आलेले. १९१५ च्या विस्थापितांशी त्यांची कथा जोडून टाकता येणार नाही. तरी ज्या भूमीवर ह्या भाषेच्या नियतकालिकांचा जन्म झाला तेथील विद्यापीठांत तिच्या आधुनिक वाङ्मयाचे एक पानही शिकवले जाऊ नये, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

संहाराची कादंबरी म्हणून जग आजही फ्रान्झ वेर्फेलच्या १९३३ च्या जर्मन कृतीचे नाव घेते. तिचे इंग्रजी भाषांतर वर्षभरात झाले. ओशागानच्या 'अवशिष्ट'चा पहिला खंड इंग्रजीत यायला २०१३ उजाडले. ऐंशी वर्षांचे हे अंतर इन्कार करणाऱ्या सरकारने निर्माण केलेले नाही. ते आपण, म्हणजे वाचणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी, निर्माण केले आहे. आपल्याकडील तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत साक्षवाङ्मयाचा घटक असतो. त्यात यहुदी संहाराची पुस्तके असतात, आणि असावीतच. त्याच घटकात येसायानचे 'अवशेषांमध्ये', आन्दोनियानच्या कथा, शाहनूरची कादंबरी आणि ओशागानची अपुरी कृती ठेवावी. त्यांपैकी जे इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये उपलब्ध आहे ते मराठीत आणावे. आणि विद्यार्थ्याला परीक्षेत वंशसंहार झाल्याचे पुरावे न विचारता, येसायानचे वाक्य कोठे व का तुटते, हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी त्याला ते वाक्य वाचावे लागेल. १९१५ साली ज्या वाचकांना मारून टाकले त्यांच्या रिकाम्या जागी त्यामुळे एक तरी वाचक येऊन बसेल.